डेंटलच्या मुलांना रक्तातून पसरणाऱ्या आजारांची काळजी शिकवायची कशी?

सुरंगी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी कोकणातल्या एका डेंटल कॉलेजात ओरल सर्जरी शिकवते.

तिसऱ्या वर्षाला मुलं पहिल्यांदा पेशंटच्या तोंडात हात घालतात. तोवर हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे तिन्ही धडे त्यांचे पाठ झालेले असतात. ऑटोक्लेव्हची, म्हणजे दाबाखालच्या वाफेने उपकरणं निर्जंतुक करायच्या यंत्राची, आकृती काढून झालेली असते. १२१ अंश आणि १५ पौंड दाब हे आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगतील. आणि मग पोस्टिंगला (विभागातल्या प्रत्यक्ष कामाला) आल्यावर एखादा मुलगा जवळ येऊन हळूच विचारतो, "मॅडम, हा पेशंट पॉझिटिव्ह आहे, दोन ग्लोव्हज घालू का?"

मला या प्रश्नाची धास्ती वाटते. याचा अर्थ, ज्याच्या केसपेपरवर काही लिहिलेलं नाही तो त्याच्या लेखी निरोगी. त्याच्यासाठी एक ग्लोव्ह, तोही मधेच मोबाइल उचलून झालेला. हिपॅटायटिस बी अंगात असलेल्या कितीतरी जणांना स्वतःलाच त्याचा पत्ता नसतो, केसपेपरवर कुठून येणार? प्रत्येक पेशंटच्या रक्तात काहीतरी आहे असं धरूनच काम करायचं, आणि ते प्रत्येकासाठी सारखंच, हे तत्त्व मुलांना लिहिता येतं. ते हातात कसं उतरवायचं, हा माझा प्रश्न आहे.

डॉक्टर, सिस्टर, इंटर्न, पालक, पेशंट, सगळ्यांनी लिहा. तुम्ही कसं शिकलात, काय पाहिलंत, कुठे खटकलं?

रातांबा

मी फक्त पेशंट. दाढ काढताना माझे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले असतात, त्यामुळे काय खटकलं ते सांगू शकत नाही :)

पण खरंच विचारतो, आमच्यासारख्यांनी दवाखान्यात नेमकं काय बघावं?

देवगड_दंतवैद्य

सुरंगीताई, धागा काढलात ते फार बरं झालं. गेली बरीच वर्षं प्रॅक्टिस करतोय आणि नवीन असिस्टंट डॉक्टर ठेवताना मी एकच गोष्ट बघतो: भुलेची बाटली कशी हाताळतो.

आपल्याकडे भुलेचं औषध बहुतेक ठिकाणी ३० मिलीच्या बाटलीतून येतं, एक बाटली अनेक पेशंटना पुरते. खालच्या जबड्याला ब्लॉक (नस बधिर करायचं इंजेक्शन) देताना सुई आत गेल्यावर आपण दट्ट्या थोडा मागे ओढतो, शिरेत तर गेलो नाही ना हे बघायला. म्हणजे रक्त सिरिंजमध्ये येऊ शकतं, डोळ्यांना दिसलं नाही तरी. आता भूल पुरली नाही, पेशंट कळवळला, की घाईत तीच सिरिंज परत बाटलीत. सुई बदलली असली तरी सिरिंज तीच. संपली कथा! त्या बाटलीतून पुढच्या प्रत्येकाला त्या पेशंटचं रक्त जाण्याची वाट मोकळी झाली.

दुसरं म्हणजे बाटलीच्या रबरी बुचात एक सुई कायमची टोचून ठेवायची आणि जो येईल त्याने तिलाच सिरिंज लावून औषध ओढायचं. सोय म्हणून करतात. असं दिसलं की मी ती बाटली सगळ्यांसमोर बेसिनमध्ये रिकामी करतो.

नियम साधा आहे. बाटलीत जाताना सुई नवी आणि सिरिंजही नवी. जमलं तर एकदाच वापरायच्या कार्ट्रिज घ्या, प्रश्नच मिटतो.

रातांबा, तुमचं उत्तर: उपकरणांचं सीलबंद पाकीट तुमच्यासमोर फोडतात का ते बघा. ग्लोव्हज तुमच्यासमोर घालतात का ते बघा. आणि दात कोरायचं एअरोटर प्रत्येक पेशंटनंतर ऑटोक्लेव्ह करता का, हे सरळ विचारा. विचारायला लाजू नका, नीट काम करणाऱ्याला राग येत नाही.

लाटांकाठची

इंटर्न आहे, कॉलेजचं नाव सांगणार नाही.

एअरोटरचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आम्ही आमचे एअरोटर स्वतः विकत घेतो. काही हजारांना एक येतं, घरून एकच घेऊन दिलेलं असतं. कोटा (ठरवून दिलेल्या केसचा आकडा) पुरा करायचा तर दिवसाला तीन-चार पेशंट बघावे लागतात, आणि ऑटोक्लेव्हची एक फेरी, वाळणं धरून, तासाभराच्या वर जाते. मग दोन पेशंटच्या मध्ये काय होतं? स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात. थांबवताना एअरोटर तोंडातली लाळ आणि रक्त थोडं आत ओढून घेतं, ते वरून पुसून निघत नाही, हे आम्हाला शिकवलेलं आहे. ज्या बाईंनी हे शिकवलं त्यांच्याच सेक्शनमध्ये कोटाही पुरा करायचा आहे.

दुसरी गोष्ट जास्त वाईट. माझ्या मैत्रिणीला उपकरणं धुताना स्केलर (दातांवरचं कीटण खरवडायचं टोकदार उपकरण) बोटात घुसला. पेशंट केव्हाच निघून गेला होता. तिने बोट पिळून पिळून रक्त काढलं, स्पिरिट ओतलं, वर ग्लोव्ह चढवला आणि पुढची केस घेतली. कुणाला सांगितलं नाही, कारण आधी एका मुलाने सांगितलं होतं तेव्हा "लक्ष कुठे असतं तुझं?" असं सगळ्यांसमोर ऐकवलं गेलं होतं आणि त्याचं पोस्टिंग वाढवलं होतं. ती पुढे कित्येक महिने जेवताना स्वतःचं ताट-वाटी वेगळी ठेवायची. घरच्यांना वाटायचं हॉस्टेलमुळे सवय बदलली.

आबोली

अगं बाई. तुझ्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांग आणि आधी तपासण्या करून घ्यायला सांग.

ओहोटी

ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. लाटांकाठचीचा प्रतिसाद वाचून काम बाजूला ठेवून लिहितोय.

सुई टोचली, स्केलर लागला, बर (एअरोटरच्या टोकाचं पातं) ओरबाडला, की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायची. पिळायची नाही, चोखायची तर अजिबात नाही. स्पिरिट, ब्लीच असलं काही ओतायचं नाही, त्याने कातडी आणखी दुखावते. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने धूत राहायचं. आणि लगेच सांगायचं.

लगेच का? एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं जितक्या लवकर सुरू होतील तितकी चांगली, शक्यतो दोन तासांत. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो. टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्रॅव्हिर अशी एकत्र गोळी असते, २८ दिवस न चुकवता घ्यायची. सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. रात्री-अपरात्री, रविवारी, गणपतीच्या सुट्टीत, कधीही या. कोर्स नंतर गरज नाही असं ठरलं तर थांबवता येतो. सुरू करायचा की नाही यावर डोकं खाजवत तीन दिवस घालवले तर काही करता येत नाही.

हिपॅटायटिस बीची लस झालेली नसेल किंवा लागू पडली नसेल, तर लशीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन, शक्यतो २४ तासांत. सीसाठी अशी प्रतिबंधक औषधं नाहीत, पण ठरलेल्या वेळी तपासण्या करत राहायच्या. झालाच तर गोळ्यांनी बहुतेक सगळे पूर्ण बरे होतात, साधारण तीन महिन्यांचा कोर्स. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तोही मोफत आहे.

आता भीतीचं प्रमाणही सांगतो. पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचून एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन. सीची दोन टक्क्यांच्या आत. आणि लस न घेतलेल्याला बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के. मुलं घाबरतात एचआयव्हीला, आणि लशीचा तिसरा डोस राहून गेलेला असतो!

खाडीकाठ

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. एवढं सगळं करण्यापेक्षा दात काढायच्या आधी प्रत्येक पेशंटची तिन्ही आजारांची टेस्ट का नको? ऑपरेशनच्या आधी करतातच की. पॉझिटिव्ह निघाला तर वेगळी खुर्ची, वेगळी उपकरणं. शिकणारी मुलं आहेत, कुणाची तरी लेकरं आहेत. त्यांना अंधारात का ठेवायचं?

ओहोटी

खाडीकाठदादा, तुमची काळजी खरी आहे, मार्ग चुकीचा आहे.

लागण झाल्यावर पहिले काही आठवडे टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते, आणि नेमकं त्याच काळात रक्तात विषाणू भरपूर असतात. निगेटिव्ह कागद हातात आला की मुलाचा हात सैल पडणार, तो त्याच पेशंटवर. शिवाय कायदा आहे. एचआयव्ही-एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा २०१७ सालचा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत, आणि टेस्ट कर मगच दात बघतो अशी अटही घालता येत नाही. टेस्टला पेशंटची संमती लागते. त्याच कायद्यात, जिथे रक्ताशी संबंध येतो तिथे काम करणाऱ्यांना साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधं देण्याची जबाबदारी संस्थेवर टाकलेली आहे. मुलांना आधी हा दुसरा भाग सांगायला हवा. त्यांच्या हक्काचा आहे तो.

खाडीकाठ

कायद्याचं ठीक. पण मला अजून पटत नाही की माहीत असण्यात तोटा आहे.

गावकार_मालवण

माका ह्या टेस्टीचा भ्या वाटता. आमचो गाव ल्हान. केसपेपरार लाल पेनान काय लिवला, काय सांजेपर्यंत तिठ्यार चर्चा सुरू. डॉक्टर गप रवता, पण भायर बसलेलो माणूस कागद वाचता. मगे तो पेशंट परत त्या दवाखान्यात पाय ठेवचो नाय, आणि फुडच्या डॉक्टराक काय्येक सांगचो नाय. पोरांका शिकवतास तर ह्या पण शिकवा.

सुरंगी

गावकारांनी माझ्या मनातलं लिहिलं. खाडीकाठ, पेशंटने विश्वासाने सांगितलं तर माहीत असण्याचा उपयोग आहेच. हिपॅटायटिसमध्ये यकृत बिघडलेलं असेल तर रक्त लवकर थांबत नाही, औषधं जपून द्यावी लागतात. पण तो उपयोग पेशंटच्या उपचारासाठी. त्याला वेगळ्या खुर्चीत बसवण्यासाठी माहिती गोळा केली, की पुढचा पेशंट खोटं सांगतो, मग आपल्याला खरोखरच काही कळत नाही.

पेठकिल्ला

थोडा इतिहास. १९९० साली अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका दंतवैद्याकडून त्याच्या पेशंटना एचआयव्ही झाल्याचं समोर आलं. शेवटी असे सहा पेशंट निघाले. नेमका कोणत्या मार्गाने गेला ते शेवटपर्यंत ठरलं नाही, पण दातांच्या दवाखान्याकडे बघण्याची जगाची नजर तेव्हा बदलली.

दुसरी घटना ओक्लाहोमातली, २०१३ ची. तिथल्या एका डेंटल क्लिनिकमध्ये स्वच्छतेचे धिंडवडे निघालेले आढळले आणि जवळपास ७,००० जुन्या पेशंटना तपासणीला बोलावलं गेलं. एका पेशंटकडून दुसऱ्या पेशंटला हिपॅटायटिस सी गेल्याचं तिथे जनुकीय तपासणीने सिद्ध झालं. मुलांना या दोन्ही गोष्टी नीट वाचायला द्याव्यात. आकडेवारीपेक्षा घटना लक्षात राहते.

मोगरा_गुहागर

मी पालक म्हणून विचारते. मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकलसाठी काढलेले दात आणायला सांगितले म्हणून सुट्टीत आमच्या इथल्या डॉक्टरांकडून तिने गोळा केले. मुरंब्याच्या बरणीत घालून, बरणी पिशवीत, पिशवी एसटीत मांडीवर. मला आधी कौतुक वाटलं. हा धागा वाचल्यापासून पोटात गोळा आलाय. त्या दातांवर रक्त असतं ना?

सुरंगी

ताई, असतं. दाताला चिकटलेलं मांस, आतली नस, सगळं असतं. म्हणून काढलेला दात हा रक्ताने माखलेला ऐवज समजूनच हाताळायचा. हे पहिल्या दिवशी सांगायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी यादीत नुसतं "दात आणणे" एवढंच लिहिलेलं असतं, हे मला मान्य आहे.

ग्लोव्हज घालून दात घासून घ्यायचे, मांस काढून टाकायचं. गळणार नाही अशा घट्ट झाकणाच्या डब्यात, सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात ओले ठेवायचे आणि डब्यावर ठळक लिहायचं. कॉलेजात आल्यावर त्यांना ड्रिल लावण्याआधी १२१ अंशाला ४० मिनिटं ऑटोक्लेव्ह करायचे. ज्या दातात चांदी (पारा मिसळलेली) भरलेली आहे तो मात्र ऑटोक्लेव्हमध्ये टाकायचा नाही, पाऱ्याची वाफ होते. असे दात वेगळे काढून १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये दोन आठवडे ठेवतात. आणि मुरंब्याची बरणी परत स्वयंपाकघरात नको.

मोगरा_गुहागर

बरणी आजच फेकली. मुलीला पूर्ण धागा पाठवलाय.

दुरुस्तीवाला_नाना

मी ऑटोक्लेव्ह आणि डेंटल खुर्च्या दुरुस्त करतो, दापोलीपासून सावंतवाडीपर्यंत फिरतो. डॉक्टर नाही, पण मशीन उघडल्यावर जे दिसतं ते सांगतो.

आपल्याकडे जून लागला की लाइटीचा भरवसा नाही. फेरी चालू असताना लाइट गेली, वीस मिनिटांनी आली, की कर्मचारी उरलेली मिनिटं मोजून मशीन बंद करतो. तसं चालत नाही. तापमान खाली आलं म्हणजे पहिल्यापासून फेरी. पाकिटावरची पट्टी काळी झाली म्हणून समाधान मानतात, पण ती पट्टी एवढंच सांगते की या पाकिटाला उष्णता लागली. आतले जंतू मेले का, ते कळायला जिवाणूंच्या बीजाणूंची चाचणी असते, ती आठवड्यातून एकदा करावी असं म्हणतात. मी किती ठिकाणी विचारतो, कुणाला त्या चाचणीचं नावही ठाऊक नसतं.

दुसरं, पाणी. ऑटोक्लेव्हला डिस्टिल्ड वॉटर लागतं. खाडीजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी घालतात, सहा महिन्यांत आतून खवले धरतात, झडप नीट बसत नाही, दाब चढत नाही. काट्यावर दाब दिसतो आणि आत वाफेबरोबर हवा अडकलेली असते. जिथे हवा तिथे वाफ पोचत नाही.

तिसरं, ओली पाकिटं. पावसाळ्यात घाईने बाहेर काढून दमट खोलीत ठेवली की कागद ओला राहतो. ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. ओलं पाकीट म्हणजे परत फेरी, मग कितीही पेशंट खोळंबले असोत.

मुलांना शिकवायचं तर एक दिवस माझ्यासारख्याला बोलवा आणि मशीन उघडून दाखवा.

देवगड_दंतवैद्य

नानांशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. अजून काही ठिकाणी उपकरणं उकळत्या पाण्यात घालून निर्जंतुक झाली म्हणतात. उकळून निर्जंतुक होत नाहीत. ती निळा दिवा लावलेली काचेची पेटी असते ना, तीही आधी निर्जंतुक झालेली उपकरणं ठेवायला. उपकरणं निर्जंतुक करायला नाही.

कातळशिल्प

शिबिरांबद्दल कुणी बोललं नाही. शाळेच्या पडवीत दोन खुर्च्या, एका बादलीत पाणी, दुसऱ्या बादलीत औषधाचं पाणी, आणि दिवसभरात शंभर तोंडं. मिरर एका बादलीतून दुसऱ्या बादलीत, तिथून पुढच्या तोंडात. मुलं बारीक नजरेने बघत असतात. कॉलेजात शिकवलेलं शिबिरात सोडून द्यायचं, हे ती तिथे शिकतात.

माझं स्पष्ट मत, शिबिरात फक्त तपासणी करावी आणि तपासणीला पुरतील एवढे पाकीटबंद संच न्यावेत. संच संपले की शिबीर संपलं. दात काढणं नाहीच.

रातांबा

कातळशिल्प, तुमचं बरोबर, पण आमच्या गावातून तालुक्याला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. आजीची हलणारी दाढ शिबिरात निघाली नसती तर ती तशीच राहिली असती. तपासून चिठ्ठी दिली तर ती चिठ्ठी देवघरात जाऊन बसते.

कातळशिल्प

मान्य. मग कॉलेजच्या गाडीतून पेशंटला न्यायची-आणायची सोय हवी. किंवा गाडीतच ऑटोक्लेव्ह आणि जनरेटर. आजीची दाढ निघावी हे मलाही हवंय, पण आधीच्या माणसाच्या रक्तासकट नको.

आबोली

अवांतर: जत्रेत मशीनने गोंदवून घेतात त्याचं काय? एकच सुई, एकच शाईची वाटी, रांगेत सगळी पोरं.

ओहोटी

अवांतर अजिबात नाही. हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही त्या मार्गाने जातात. बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहू शकतो. न्हाव्याकडेही नवं ब्लेड मागून घ्या.

कवळीवाला_कुडाळ

मी डेंटल लॅब चालवतो. कवळ्या, कॅप, ब्रिज. या सगळ्या चर्चेत आम्ही कुठेच नाही, म्हणून लिहितोय.

दवाखान्यातून दाताचं माप येतं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून. कितीतरी वेळा पिशवीत गुलाबी पाणी साठलेलं असतं. माझ्याकडचा पोरगा ते हातानेच बाहेर काढतो, प्लॅस्टर ओततो, मग ट्रिमरवर (प्लॅस्टर घासायच्या मशीनवर) धरतो. ट्रिमरचं पाणी तोंडावर उडतं. त्याला कुणी हिपॅटायटिसची लस देत नाही, ना विचारत. माझ्या पोरांच्या लशी मी माझ्या खर्चाने करून घेतल्या, आणि ग्लोव्हज, चष्मा सक्तीचा केला. पण माप पाठवणाऱ्या डॉक्टरने ते आधी धुवून, जंतुनाशक मारून, दहा मिनिटं ठेवून पाठवायला काय हरकत आहे? ही गोष्ट शिकतानाच अंगवळणी पडली तर पुढे तीस वर्षं आमच्यासारखे वाचतील.

सुरंगी

तुमचा प्रतिसाद मी उद्या वर्गात वाचून दाखवणार आहे. माप घेऊन झाल्यावर मुलांचं लक्ष फक्त कडा नीट आल्या का यावर असतं. बेसिनकडे जायचं सुचतच नाही.

लाटांकाठची

लशीबद्दल एक शंका. आमच्या बऱ्याच जणांचं म्हणणं, लहानपणी सरकारी लशी झाल्यात, त्यात बी असणारच.

ओहोटी

धरून चालू नका. देशभरच्या सरकारी लसीकरणात बीची लस २०११ पासून आली. त्याआधी जन्मलेल्यांपैकी काहींना मिळाली, काहींना नाही. कार्ड नसेल तर ०, १ आणि ६ महिने असे तिन्ही डोस घ्या. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी करा. १० किंवा त्याहून जास्त आलं तर लस लागू पडली. काही थोड्यांना पडत नाही, त्यांनी परत कोर्स करायचा. माझ्या मते पेशंटला हात लावण्याआधी हा कागद फाइलला लागलाच पाहिजे, आयकार्डसारखा. लस कॉलेजात पहिल्याच वर्षी सुरू करायला हवी. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर सुरू केली तर सहा महिने तसेच जातात.

खाडीकाठ

एवढं सगळं वाचून एक कबूल करतो. सगळ्या पेशंटच्या टेस्ट करत बसण्यापेक्षा मुलांची लस आणि तपासणी स्वस्त पडेल. टेस्टबद्दल माझं पूर्ण समाधान अजून झालेलं नाही, पण क्रम हा हवा.

आबोली

सुरंगीताई, मूळ प्रश्न राहिला की! हातात कसं उतरवायचं? तुम्ही स्वतः काय करता तेही लिहा ना.

सुरंगी

लिहिते. गेल्या बॅचबरोबर एक प्रयोग केला. फँटम हेड म्हणजे सरावाचं कृत्रिम डोकं, त्याच्या तोंडात खाण्याचा लाल रंग घातलेलं पाणी ठेवलं. मुलांना सांगितलं, हे रक्त आहे, नेहमीसारखं काम करा, मी काही बोलणार नाही. एअरोटर चालवलं, दात कोरला, मधे केसपेपरवर नोंद केली. मग काम थांबवून सगळ्यांना बघायला लावलं.

दिव्याच्या दांडीवर लाल बोटं. खुर्चीच्या बटणावर. ड्रॉवरच्या कडीवर, आणि ड्रॉवरच्या आत कापसाच्या डब्याच्या झाकणावर. पेनवर, केसपेपरच्या कोपऱ्यावर, एकीच्या मोबाइलवर. मास्क नाकावरून वर ओढलेला, त्यावर अंगठ्याचा ठसा. चष्मा न घातलेल्या एका मुलाच्या भुवईवर बारीक थेंब. तो आरशासमोर बराच वेळ उभा होता. त्या दिवसानंतर कापूस आधीच काढून ठेवायला, दिव्याच्या दांडीला प्लॅस्टिक गुंडाळायला मला सांगावं लागलं नाही.

रातांबा

लाल रंग विकत कशाला घेताय, आमच्याकडून कोकमाचं आगळ न्या! शंभर टक्के नैसर्गिक.

सुरंगी

:) विचार मनात आला होता. पण आगळ आंबट, एअरोटरच्या आतल्या बेअरिंगची वाट लागेल. आणि एप्रनवरचा डाग जाणार नाही.

देवगड_दंतवैद्य

हा प्रयोग मी माझ्या दवाखान्यात स्टाफबरोबर करणार.

एक सूचना. टोचण्याच्या अपघातांत सगळे सुईचंच बोलतात. एअरोटर स्टँडला अडकवताना त्यातला बर तसाच राहतो आणि ट्रेकडे हात नेताना कोपराला, मनगटाला ओरबाडतो. हे फार होतं. काम संपलं की बर आधी काढायचा. आणि सुईचं टोपण एका हाताने, टोपण ट्रेवर ठेवून सुईने उचलून घ्यायचं. दुसरा हात पाठीमागे. मी नव्या मुलांना अक्षरशः डावा हात पाठीला लावून उभं करतो.

लाटांकाठची

सुरंगी मॅडम, प्रयोग छान आहे. पण कुणाला टोचलं तर ते सांगायची भीती, आणि एका एअरोटरमध्ये चार पेशंट, हे लाल रंगाने सुटणार नाही.

सुरंगी

नाही सुटणार. तुझं म्हणणं खरं आहे आणि ते माझ्याच बाजूने सुटायला हवं. मी विभागात दोन गोष्टी मांडल्यात. पहिली, टोचल्याची नोंदवही स्वतंत्र असेल, ती फक्त एका सिस्टरकडे राहील, आणि नोंद करणाऱ्याची त्या दिवसाची केस पूर्ण धरली जाईल. ओरडायचं नाही, पोस्टिंग वाढवायचं नाही. टोचल्यावर कुठे जायचं, कुणाला फोन करायचा, हे प्रत्येक खुर्चीजवळ मराठीत लावायचं. मावशी आणि मामांनाही ते वाचता आलं पाहिजे, कारण कचऱ्याच्या पिशवीतली सुई बहुतेक वेळा त्यांनाच टोचते. पांढऱ्या डब्यात जायची सुई लाल पिशवीत गेली की दुखापत भलत्याचीच.

दुसरी, कॉलेजने एअरोटरचा साठा ठेवून पेशंटगणिक निर्जंतुक केलेलं द्यावं, मुलांनी स्वतःचं आणू नये. तोवर ज्या दिवशी निर्जंतुक एअरोटर संपतील त्या दिवशी कोरायच्या केस बंद, फक्त तपासणी. कोट्याचा आकडा त्या हिशेबाने कमी करायचा. यावर विभागात वाद चालू आहे. पहिली मंजूर झाली, दुसरीला पैसे कुठून हा प्रश्न आहे.

आणखी एक सुरू करतेय. पोस्टिंगचे पहिले दिवस मुलांनी खुर्चीवर बसायचंच नाही. उपकरणं धुण्याच्या खोलीत सिस्टर आणि मावशींच्या हाताखाली काम करायचं. जाड रबरी ग्लोव्हज घालून घासायचं, वाळवायचं, पाकीटबंद करायचं, ऑटोक्लेव्हच्या वहीत वेळ लिहायची. सहीसुद्धा मावशींची घ्यायची. तिथली प्रत्येक गोष्ट कळली की मगच पेशंट.

दुरुस्तीवाला_नाना

त्या वहीत लाइट गेल्याचा रकाना पण ठेवा मॅडम. आणि बीजाणूंच्या चाचणीच्या पट्ट्या कुठे मिळतात ते मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

सुरंगी

रकाना लगेच घालते. व्यनिची वाट बघते.

कवळीवाला_कुडाळ

धुण्याच्या खोलीनंतर एक दिवस आमच्याकडेही पाठवा पोरांना. गुलाबी पाण्याची पिशवी त्यांच्याच हातात देतो, मग बोलू.

सुरंगी

पाठवते दादा. तिसऱ्या वर्षाची बॅच आहे, आठ-आठच्या गटाने येतील. चष्मे आणि ग्लोव्हज आम्ही घेऊन येऊ. लस पूर्ण झालेलीच मुलं पाठवीन, बाकीच्यांची यादी ओहोटी डॉक्टरांकडे जाईल.

ओहोटी

पाठवा. मंगळवार सोडून कधीही.